ऑनलाइन जुगार : सरसकट बंदी की कडक परवाना?

पतसंस्था कर्मचारी, राजारामपुरी

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाचे काम पाहतो. मागील महिन्यात एक तरुण आईचा कोल्हापुरी साज घेऊन आला. सराफाने लाखेचे वजन वजा करून मूल्यांकन केल्यावर कर्जाची रक्कम त्याच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली, तरी त्याने एकच प्रश्न विचारला, "आज खात्यावर जमा होईल ना?" त्याच्या खाते उताऱ्यात रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ५०० रुपये, चार मिनिटांनी पुन्हा ५००, मग १,०००, २,००० आणि पहाटे तीनच्या सुमारास ५,००० अशा नोंदी होत्या. पूर्वी अशा नोंदींपुढे गेमिंग कंपनीचे नाव दिसत असे. आता कुठे किराणा दुकानाचे, तर कुठे कोणा अनोळखी व्यक्तीचे नाव असते, कारण पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही, हे योग्यच झाले. मात्र ज्या कंपन्यांना पत्ता होता, लेखापरीक्षण होते, त्यांनीच दुकान बंद केले. ज्यांना पत्ताच नाही, ते परदेशातील सट्टेवाले आज एक संकेतस्थळ बंद झाले की उद्या नावातील एक अक्षर बदलून दुसरे उघडतात. मटक्यावर १८८७ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आपल्या पेठांतून "ओपन (पहिला आकडा) काय आला?" हा प्रश्न कधी हद्दपार झाला नाही.

म्हणून माझे मत असे की मोजक्या कंपन्यांना परवाना द्यावा आणि त्यांच्या नाकात वेसण घालावी: महिन्याला जमा करता येणाऱ्या रकमेची मर्यादा, उधारीच्या पैशावर खेळण्यास मनाई, रात्री खेळ बंद. तामिळनाडूने मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत असे खेळ बंद ठेवण्याचा नियम केला होता आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो २०२५ मध्ये ग्राह्य धरला. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई केली आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ

आपल्या अनुभवाबद्दल शंका नाही, परंतु मटक्याची उपमा इथे लंगडी पडते. मटका खेळण्यासाठी टपरीपर्यंत चालत जावे लागे, चिठ्ठी फाडणारा ओळखीचा असे, ओपन लागल्यावर क्लोजसाठी, म्हणजे दुसऱ्या आकड्यासाठी, काही तास थांबावे लागे, आणि गल्लीतले कोणी ना कोणी पाहत असे. ती लाज आणि ते थांबणे हाच अर्धा बंदोबस्त होता. फोनवर यांतले काहीच उरत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या माणूस पंधरा मिनिटांत महिन्याचा पगार घालवतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोला त्याची चाहूलही लागत नाही.

दुसरे म्हणजे, बंदीचा मोठा लाभ आपण हिशेबातच धरला नाही. मी शिकवत होतो तेव्हा नववीतील मुले वहीच्या मागच्या पानावर ऑनलाइन क्रिकेट खेळासाठी अकरा खेळाडूंचा संघ लिहीत. कर्णधाराला दुप्पट आणि उपकर्णधाराला दीडपट गुण, हे गणित त्यांना न शिकवता येई. (दीडकीचा पाढा मात्र येत नसे.) ही ओढ त्यांना टपरीने लावली नव्हती, दूरदर्शनच्या पडद्यावरील जाहिरातींनी लावली होती. कायदा झाल्यावर भारतीय संघाच्या जर्सीवरील अशा कंपनीचे नाव उतरले, ही लहान गोष्ट नव्हे. घुशीने बीळ पाडले म्हणून कोणी बांध फोडत नाही, बीळ बुजवतो.

आणि परवान्याचे म्हणाल तर राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळात जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. हरणाऱ्याच्या पैशातून तिजोरीला वाटा मिळू लागला की रकमेची मर्यादा दरवर्षी थोडी वर सरकेल, अशी मला भीती वाटते.

एक वकील, कसबा बावडा

एक दुरुस्ती सुचवतो. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मुंबई इलाख्याचा होता, कोल्हापूर संस्थानाचा नव्हे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, त्यानंतरच तो आपल्याकडे येणे शक्य होते. मटकाही साठच्या दशकात मुंबईत रुजला, आणि त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर आकडे लावले जात.

खरा कायदेशीर पेच निराळा आहे. जुगार हा संविधानाच्या राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या यादीतील, ३४ क्रमांकाचा विषय आहे, आणि रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले होते. त्यामुळे केंद्राने सरसकट बंदी घालताच आव्हान मिळणार हे उघड होते. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या.

संगणक अभियंता, मूळ गाव गडहिंग्लज, सध्या पुणे

मी अशाच एका कंपनीत तीन वर्षे नोकरी केली. ती आता बंद आहे. नोकरी गेल्याचे दुःख आहे, तरीही मुख्याध्यापक सरांच्या बाजूने बोलतो, कारण हे यंत्र मी आतून पाहिले आहे. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की माणूस नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त काळ चिकटून राहतो, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यात "एका पानाने हुकले" असे वाटायला लावणारा निसटता डाव घातला की हरणेसुद्धा जिंकण्याजवळ गेल्यासारखे भासते. आमच्याकडे पैसे भरणे दोन सेकंदांचे काम होते आणि काढून घेताना कागदपत्रांची पडताळणी, प्रलंबित विनंती, "अजून एक डाव खेळा, बोनस मिळवा" असे टप्पे होते. त्या टप्प्यांवर बरेच जण पैसे काढण्याची विनंती मागे घेऊन पुन्हा खेळायला बसत. कोण किती वेगाने बुडतो आहे, हे कंपनीला त्याच्या घरच्यांच्या आधी कळत असे, आणि त्यालाच सवलतीचा संदेश जात असे. अशा धंद्याला मर्यादा पाळायला सांगणे कठीण आहे.

मात्र ब्रिटनमधील एक व्यवस्था आपण घ्यायला हवी होती. तिथे माणूस एकाच ठिकाणी नाव नोंदवून सर्व परवानाधारक संकेतस्थळांवरून स्वतःला वगळून घेऊ शकतो. आपल्याकडे बंदी आली, पण ज्याला सुटायचे आहे त्याला धरायला असा एकही दोर मिळाला नाही.

गृहिणी, उचगाव

परवाना आणि बंदी हा वाद मी शांतपणे वाचला. आमच्या घरी माझे दीर या नादात अडकले, तेव्हा आम्हाला यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. त्यांनी ॲप काढून टाकले की चौथ्या दिवशी कोणीतरी टेलिग्रामवर नवी लिंक पाठवत असे. कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी नातेवाइकांना फोन करून त्यांची बदनामी सुरू केली, तेव्हा घरात गोष्ट कळली. सासूबाईंनी "शेवटचे" म्हणून दूध बिलाचे पैसे दिले, आणि ते शेवटचे नव्हते. कर्ज फेडून दिले की पुन्हा खेळायला वाट मोकळी होते, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन आहे, हे आम्हाला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले, तोवर आम्ही त्याला चैन आणि बेफिकिरी समजत होतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, हेही तिथेच कळले. मग दिरांनी आपणहून एटीएम कार्ड आणि पगाराचे खाते वहिनींच्या, म्हणजे माझ्या हाती दिले, साधा फोन घेतला, आणि दर आठवड्याला उपचाराला जातात. दोनदा घसरले. धागा सुरू करणाऱ्या भाऊंना माझी विनंती आहे की कायदा करणे आपल्या हातात नसेल, पण साज ज्यांचा आहे त्यांना खिडकीसमोर बोलावणे आपल्या हातात आहे.

पतसंस्था कर्मचारी, राजारामपुरी

अभियंता महोदयांचे वाचल्यावर परवान्याचा माझा आग्रह निम्मा उरला आहे. जो धंदा घसरणाऱ्यालाच हेरतो, त्याच्या मर्यादेवर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल, हे मान्य करतो. तरी आमच्या खिडकीवर येणारे उतारे बंदीनंतर कमी झालेले नाहीत, एवढे मी डोळ्यांनी पाहतो. खाते भाड्याने देणारे हुडकल्याशिवाय ते कमी होणार नाहीत, आणि त्यांत महाविद्यालयीन मुलेही असतात.

निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ

मग आपण बीळ बुजवण्याबद्दलच बोलत आहोत. यात आपला मतभेद नाही.

पतसंस्था कर्मचारी, राजारामपुरी

ताई, त्या अर्जावर आईंची संमतीची सही होती, पण त्या स्वतः आल्या नव्हत्या, आणि मी ती सही पुढे सारली होती. मंगळवारी व्याजाच्या पावतीचे निमित्त करून त्यांनाच बोलावले आहे. साज अजून तिजोरीत आहे, मुदत संपायला सात महिने आहेत.