कालच्या पिक्चरबद्दल जरा बोलायचंय

ए-३०३ ताई: नमस्कार. कालच्या 'इनसाइड आऊट २' बद्दल बोलायचं होतं, तो रायली नावाच्या मुलीच्या मनातल्या भावना पात्रं होऊन वावरतात तो कार्टून पिक्चर. 'मुलांचाच आहे, बिनधास्त पाठवा' असं ग्रुपवर लिहिलं होतं, म्हणून मी स्वतः न येता लेकीला सगळ्यांबरोबर पाठवलं. ती कालपासून गप्प आहे. रात्री अंथरुणात विचारते, 'आई, मी कमी पडते का गं?' नऊ वर्षांची आहे ती. हा पिक्चर कोणी ठरवला?

बी-४०२ काकू: मी ठरवला. ग्रुपवर विचारून. सगळ्यांचे अंगठे आले होते, तुमचाही होता.

ए-३०३ ताई: काकू, माझा अंगठा वेळेला होता. विषयाला नव्हता.

बी-२०१ दादा: पण पिक्चर भारी होता!! आमचा चिरंजीव सकाळपासून पाऊची झालाय, त्यातली ती बोलणारी कंबरेची पिशवी. कंबरेला पिशवी, आणि काही विचारलं की पिशवीतून वस्तू काढून दाखवतो 😂

ए-१०४ वहिनी: आमच्याकडे तो गुलाबी लाजरा एम्बॅरसमेंट. काही बोललं की टोपीची दोरी ओढून तोंड आत.

सी-१०२ आजोबा: पहिल्या भागाची सर नाही.

ए-३०३ ताई: माझा मुद्दा बाजूलाच राहिला. रायली बाकावर बसून श्वास घेऊ शकत नाही, छातीत धडधड होते, तो भाग मी आत्ता लेकीकडून ऐकला. हे लहान मुलांना का दाखवायचं?

बी-४०२ काकू: बाजूला नाही राहिला, सगळे वाचतायत. गेल्या वर्षीच्या त्या भुताच्या पिक्चरवरूनही मीच ऐकून घेतलं होतं. चाळीस जणांची तिकिटं काढायची, जागा शेजारी मिळतील असं बघायचं, पोरं मोजून आत न्यायची आणि मोजून परत आणायची. ह्यापुढे मी काही ठरवणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी पुढे यावं.

अध्यक्ष: कृपया सर्वांनी शांततेने घ्यावे. काकू, आपण दर वेळी पुढाकार घेता, सोसायटी आपली आभारी आहे. ताईंची काळजीही रास्त आहे.

बी-२०१ दादा: अध्यक्ष, आभार नंतर. सगळी नावं संपल्यावर शेवटी एक तुकडा होता, तो आमचा हुकला. 'मोठ्ठं काळं गुपित' नावाचं ते पात्र अखेर तोंड उघडतं तो! 'चला चला' करत कोणी उठवलं सगळ्यांना?

अध्यक्ष: गर्दी व्हायच्या आत मुलं बाहेर पडावीत एवढाच हेतू होता.

ए-१०४ वहिनी: आणि मी आधीच म्हटलं होतं, हिंदी शो घ्या. हिंदीत रायलीचा आवाज अनन्या पांडेचा आहे. लहान मुलांना इंग्रजी भरभर कळत नाही.

बी-२०१ दादा: वहिनी, हिंदीत गेलो असतो तर ती टोमण्यांची दरी हुकली असती! सारकॅझम म्हणजे टोमणा, कॅझम म्हणजे दरी. पलीकडे काहीही साधं ओरडा, टोमणा होऊनच पोचतं. आपल्या ग्रुपमध्ये तशीच एक पडलीये 😄

बी-४०२ काकू: हे मला उद्देशून आहे का?

बी-२०१ दादा: नाही हो काकू! बघा, साधं बोललो तरी तसंच पोचलं.

सी-१०२ आजोबा: पहिल्या भागाची सर नाही. रायलीचा तो कल्पनेतला मित्र, बिंगबाँग, त्याच्यासारखं एकही पात्र नाही ह्यात.

बी-२०१ दादा: आजोबा, १९ दिवसांत एक अब्ज डॉलर कमावलेत जगभरात.

सी-१०२ आजोबा: गल्ल्यावरून पिक्चर ठरत नाही. पहिल्या भागात तो बिंगबाँग, जॉय म्हणजे रायलीचा आनंद वर पोचावी म्हणून गाडीतून स्वतः उडी टाकतो आणि तिथेच विरून जातो. थेटरात शांतता पसरली होती. काल तसं काही झालं नाही.

सी-४०३ ताई: झालं होतं आजोबा, पेनल्टी बॉक्सच्या वेळी. हॉकीत चूक केली की बसवतात ती जागा, तिथल्याच बाकावर रायलीला श्वास घेता येत नाही. मी मागच्या रांगेत होते. खालच्या रांगेतल्या मोठ्या मुली हलतसुद्धा नव्हत्या.

ए-३०३ ताई, मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. रायली आता १३ वर्षांची आहे. हॉकीच्या शिबिरात मोठ्या मुलींनी आपल्याला घ्यावं म्हणून ती जिवाभावाच्या दोन मैत्रिणींना दूर करते. अँग्झायटी, म्हणजे तिच्या मनातली काळजी, तिच्या भल्यासाठीच धावपळ करते. पुढे काय काय चुकू शकेल, त्याची चित्रं काढून काढून ती रायलीची झोप उडवते. रायलीच्या मनात तळाशी 'मी चांगली आहे' असा आवाज असतो, त्याच्या जागी 'मी कमी पडते' हा येतो. तुमच्या लेकीने उचललेलं वाक्य तेच आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. चूक जॉयचीही दाखवली आहे. नकोशा आठवणी तीच लांब फेकत असते, म्हणजे फक्त छान छान उरावं. शेवटी रायली बाकाचं लाकूड हाताने चाचपते, श्वास हळूहळू सुटा होतो, मैत्रिणी जवळ येतात. घाबरलेल्या मुलांना आम्ही नेमकं हेच करायला सांगतो: हाताला काय लागतंय, समोर काय दिसतंय, तिकडे लक्ष द्या. लिसा डॅमॉर ह्या किशोरवयीन मुलींवर लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सल्ल्याला होत्या, ते ह्या प्रसंगात कळतं.

ए-३०३ ताई: माहिती छान आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीला तेरा वर्षांचं दुखणं आत्ताच कशाला? अमेरिकेतसुद्धा पीजी आहे त्याला, म्हणजे पालकांनी आधी विचार करावा. मला विचार करायची संधी मिळाली नाही, एवढंच म्हणतेय.

सी-४०३ ताई: ते मान्य आहे. फक्त एक करून बघा. ते वाक्य पिक्चरमधून आलं, की तिच्या मनात आधीपासून होतं, हे तिला विचारा. घाई नको. शेजारी बसून.

सी-१०२ आजोबा: पहिल्या भागाची सर नाही, हे मी पुन्हा सांगतो.

ए-१०४ वहिनी: आजोबा, कळलं 🙏 तिसऱ्यांदा.

सी-१०२ आजोबा: वहिनी, २०१५ साली नातू पाच वर्षांचा होता. पहिला भाग मी त्याला मांडीवर घेऊन पाहिला. बिंगबाँग गेला तेव्हा त्याने माझा शर्ट भिजवला. पिक्चरमध्ये रायली दोनच वर्षांनी मोठी झाली, हा नऊ वर्षांनी. काल त्याच्यासाठी शेजारची जागा धरली होती. 'मी मित्रांबरोबर बघीन' म्हणाला.

बी-२०१ दादा: आजोबा 🙏 माहीत नव्हतं.

बी-४०२ काकू: ती जागा रिकामी कशी, म्हणून मी दोनदा मोजलं काल. सांगायचं होतंत मला.

अध्यक्ष: विषय इथे थांबवूया का?

ए-१०४ वहिनी: ताई बोलू देत आधी.

ए-३०३ ताई: बसले होते तिच्याशेजारी, म्हणून उशीर झाला. ती म्हणाली, गणिताच्या तासाला फळ्यापाशी बोलावलं की तिला असंच होतं. हात गार पडतात, काही ऐकू येत नाही. जूनपासून. तिला वाटत होतं आपल्याला काहीतरी आजार आहे, म्हणून सांगितलं नव्हतं. काल पडद्यावर बघून कळलं म्हणाली की रायलीलाही होतं. मी रोज तिचा डबा भरते, वह्या बघते, आणि मला हे माहीत नव्हतं.

सी-४०३ ताई: उद्या शाळा सुटल्यावर तिला घेऊन या घरी. मी साडेपाचला येते.

ए-३०३ ताई: येते. काकू, आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. पण काल तिचा हात धरून तुम्हीच रस्ता ओलांडून आणलंत, हेही तिने सांगितलं.

बी-४०२ काकू: गर्दीत मागे राहिली होती. मला वाटलं झोप आलीये. पुढच्या वेळी आधी एकटी जाऊन बघीन आणि काय काय आहे ते लिहीन.

बी-२०१ दादा: म्हणजे ठरवणार तुम्हीच ना काकू?

बी-४०२ काकू: बघू.

ए-३०३ ताई: लेकीला आता पहिला भाग बघायचाय. आजोबा, रविवारी दुपारी आमच्याकडे याल का? ती म्हणते बिंगबाँगच्या वेळी कोणीतरी शेजारी हवं.

सी-१०२ आजोबा: येतो. किती वाजता?