चाचणी परभाषेत घेऊन पोराला ‘मतिमंद’ ठरवायचं का?

मेळघाटातला मास्तर: १९७० साली कॅलिफोर्नियात नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या वतीने दावा लागला. मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, बुद्ध्यांक चाचणी इंग्रजीत, आणि रवानगी मतिमंदांच्या वर्गात. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेक जण त्या वर्गातले नव्हतेच!

आमच्या आश्रमशाळेत कोरकू मुलं आहेत. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. तिसरीतला एकजण चाचणी घेणाऱ्या बाईंसमोर गप्प बसून राहिला, नखाने बाक कोरत. मग कामाठीबाईंनी कोरकूत विचारलं, बैल आणि बकरीत सारखं काय? पटकन म्हणाला, “दोघांना मीच चारायला नेतो.” ‘दोन्ही प्राणी’ म्हणाला असता तर पूर्ण गुण होते. असा आकडा दाखल्यावर चढूच नये.

शाळा-समुपदेशक: मास्तर, तुमची कळकळ पोचली, मागणी पटली नाही. आकडा काढला की उरतं शिक्षकाचं मत. ‘पाड्यावरची पोरं, ह्यांना काय येणार’ हे मी स्टाफरूममध्ये कानाने ऐकलंय. चाचणी निदान सगळ्यांना तोच प्रश्न विचारते. १९८० साली शिकागोत काळ्या मुलांच्या बुद्ध्यांक चाचणीवरून खटला झाला, त्यात न्यायाधीशांनी एकेक प्रश्न स्वतः तपासला, मोजकेच पक्षपाती निघाले.

बे एरियाकर: त्याच्या आदल्याच वर्षी इकडे कॅलिफोर्नियात, काळ्या मुलांच्याच लॅरी पी. खटल्यात, न्या. पेकहॅम यांनी नेमका उलटा निकाल दिला: बुद्ध्यांक चाचणीवरून काळ्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात घालायला बंदी. राज्यातल्या मुलांत काळी मुलं दहात एक, त्या वर्गांत मात्र चारात एक. पण १९८६ला बंदी आणखी वाढवली, तेव्हा काही काळे पालकच कोर्टात गेले: आमच्या मुलाची अडचण नक्की काय ते कळू द्या. १९९४ला वरच्या कोर्टानेही त्यांचं म्हणणं उचलून धरलं. त्यामुळे सरसकट बंदीला माझा विरोध.

मेळघाटातला मास्तर: बंदी मागतोय कोण? धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात बिने ही बुद्ध्यांक चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. ते कष्ट आपल्या पोरांसाठी झाले, कोरकू पोरांसाठी का नाहीत?

शाळा-समुपदेशक: व्हायलाच हवेत. पण त्याला वर्षं लागतील, आणि दाखल्याअभावी ज्याची सवलत अडलीय त्या मुलाला मी तोवर थांब म्हणू?

मेळघाटातला मास्तर: थांबवू नका. दुभाषी बसवा, आणि चाचणी कुठल्या भाषेत झाली ते दाखल्यावर लिहा.

शाळा-समुपदेशक: लिहीन. मात्र दुभाष्याने प्रश्न फोडून सांगितला, तर ते गुण मी धरणार नाही.