मदत हवी आहे: इंटरनॅशनल शाळेत गेल्यापासून मुलगा गप्प झालाय, 'सपोर्ट प्लॅन'वर सही करावी का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

आम्ही जळगावला राहतो, मूळ गाव पारोळा तालुक्यात. घरात अहिराणी आणि मराठी दोन्ही चालतं. मुलगा पाचवीपर्यंत मराठी शाळेत होता. अभ्यासात चांगला आणि बोलका तर इतका, की बाई प्रश्न पूर्ण करायच्या आत याचं उत्तर तयार असायचं. यंदा जूनमध्ये त्याला शहराबाहेरच्या एका इंटरनॅशनल डे स्कूलमध्ये सहावीला घातलं. अभ्यासक्रम केंब्रिजचा. सहावी ते आठवी लोअर सेकंडरी आणि नववी-दहावी आयजीसीएसई (केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा), असं प्रवेशाच्या वेळी समजावून सांगितलं होतं. होस्टेलला ठेवायचं नव्हतं, पोरगं संध्याकाळी घरी जेवायला हवं, म्हणून डे स्कूल निवडली. सकाळी सात-वीसला बस चौकात येते, चारच्या सुमारास परत सोडते.

शाळा वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. वर्गात चोवीस मुलं, प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या हाताला काम, मारझोड नाही, पाठांतराचा मारा नाही. हेच बघून आम्ही गेलो होतो. पण जुलै संपता संपता मुलगा बोलेनासा झाला. आधी शाळेत, मग घरीही. गावाहून आलेल्या सासूबाई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोऱ्याले काय व्हयनं? बोलतच नही." त्यांनी विचारलं तेव्हा मला जास्त लागलं, कारण मी रोज बघत होते आणि 'रुळेल हळूहळू' म्हणून स्वतःची समजूत घालत होते.

ऑगस्टच्या चाचणीचा विज्ञानाचा पेपर घरी आला. एक प्रश्न असा होता: कडक उन्हात रोपाची पानं मलूल का होतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ का होतात? याने इंग्रजीत दोनच शब्द लिहिलेले, 'वॉटर गो'. त्याखाली काहीतरी खोडलेलं दिसलं. कागद उजेडासमोर धरला तर पेन्सिलीने मराठीत लिहून खोडलं होतं: 'मुळं पाणी देतात पण पान जास्त'. बाजूला लाल शाईत 'इनकम्प्लीट' आणि चारपैकी शून्य.

रात्री जेवताना मी त्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "आई, आबांच्या शेतात कपाशी दुपारी मान टाकते ना, तसंच. पानातून पाणी उडतं भराभरा, मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. ऊन उतरलं की उडणं कमी होतं, मग मुळं पाणी भरून काढतात." चारही गुणांचं उत्तर त्याच्यापाशी होतं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता मुख्य अडचण. गेल्या आठवड्यात काउन्सेलर आणि कोऑर्डिनेटर यांनी आम्हाला बोलावलं. बोलणं सगळं इंग्रजीत. मिस्टरांचं ठिबकचं दुकान आहे, दिवसभर दहा तालुक्यांतल्या माणसांशी बोलतात, पण तिथे ते एक शब्द बोलले नाहीत. शाळेचं म्हणणं असं, की मुलगा 'लर्निंग सपोर्ट'मध्ये घ्यावा लागेल, आधी लर्निंग डिसेबिलिटीची चाचणी करावी, त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ येतात. चाचणी कुठल्या भाषेत, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, इंग्रजीत. सपोर्टचे आठवड्याला चार तास, त्याची फी वेगळी, आणि हे तास काढणार कुठून तर मराठीचे दोन आणि खेळाचे दोन. म्हणजे ज्या तासांना तो अजून तोंड उघडतो, नेमके तेच.

एक पानाचा सपोर्ट प्लॅन दिलाय. ध्येय म्हणून एकच ओळ, 'वर्गात अधिक सहभाग घेईल'. सोमवारपर्यंत सही करून द्यायची आहे.

मला हे कळत नाहीये की माझ्या मुलाची अडचण शिकण्याची आहे की फक्त इंग्रजीची? हे घरच्या घरी ओळखता येतं का? शाळेकडे नेमकं काय मागायचं? आणि परत मराठी शाळेत आणायचं ठरलं तर वर्षाच्या मधे दाखला मिळतो का? पैशाची ओढाताण आहे, पण तो प्रश्न नंतरचा. आधी पोरगं बोलायला हवं.

जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद: गिरणाकाठची

ताई, मी मूळची चाळीसगावची, पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, केंब्रिजसारखाच दुसरा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळेत शिकवते. सोमवारी सही करू नका. 'चाचणी मराठीतून झाल्यावर बोलू' एवढं ईमेलने कळवा. तोंडी नको.

तुम्ही लिहिलंय त्यावरून निदान कुणीच करू नये, मीही करणार नाही. पण फरक ओळखायची एक साधी वाट आहे. वाचनाची खरी अडचण असेल तर ती मूल ज्या भाषेत वाचायला शिकलं त्या भाषेतही दिसते. त्याला न वाचलेला मराठी उतारा मोठ्याने वाचायला द्या, पाठ्यपुस्तकातला नको, वर्तमानपत्रातला चालेल. जोडाक्षरांवर सारखा अडखळतो का, मात्रा गाळतो का, ओळ सुटते का, वाचून झाल्यावर अर्थ सांगता येतो का, ते बघा. मग त्याच उताऱ्यावर पाच-सहा ओळी लिहायला सांगा. पहिली ते पाचवीच्या जुन्या वह्या असतील तर त्याही काढा, पाच वर्षांचा पुरावा तुमच्या कपाटात पडलेला आहे. त्यात काही खटकलं तर चाचणी जरूर करा, घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे शाळा म्हणते ती लर्निंग डिसेबिलिटी, आहे. केंब्रिजच्या परीक्षेतही अशा मुलांना जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, त्यासाठी शाळेला पुराव्यासह आधी अर्ज करावा लागतो. पण चाचणी इंग्रजीतूनच झाली, तर जे मूल इंग्रजीत आत्ताच आलंय ते तिथे मागेच पडणार. त्यातून काय कळणार?

दुसरं, गप्प होणं. नव्या भाषेत टाकलेली बरीच मुलं सुरुवातीचे काही महिने बोलत नाहीत, ऐकून साठवत असतात. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो आम्ही रोज वर्गात बघतो. खेळताना, डबा खाताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण 'कारण स्पष्ट करा', 'तुलना करा' अशा प्रश्नांना लागणारी अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या मुलाला जेमतेम तीन महिने झालेत.

मात्र घरीही बोलणं कमी झालंय, ते नुसतं भाषेचं नाही. तो दमलाय किंवा त्याला लाज वाटतेय. वर्गात कुणी हसतं का, बसमध्ये काही होतं का, हे काउन्सेलरने त्याच्याशी मराठीत बोलून शोधायला हवं. खरं तर तिचं पहिलं काम तेच होतं.

शाळेकडे काय मागायचं, तर नवा पाठ सुरू व्हायच्या आधी त्यातले दहा-बारा शब्द घरी पाठवा. मराठी प्रतिशब्द तुम्ही लिहा. ट्रान्स्पिरेशनसमोर बाष्पोत्सर्जन आणि त्याच्यापुढे 'दुपारची कपाशी'. उत्तर आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत न्यायची त्याला मुभा द्या, ते खोडायला लावू नका. प्रश्नातल्या आज्ञा, म्हणजे स्टेट, डिस्क्राइब, एक्सप्लेन, सजेस्ट, कंपेअर, वेगळ्या बसून शिकवा, कारण केंब्रिजच्या पेपरात अर्धी मेख तिथेच असते. स्टेटला एक ओळ पुरते, एक्सप्लेनला 'का' लिहावं लागतं. आणि मदत शक्यतो वर्गातच, त्याच्या बाकाशेजारी बसून व्हावी. बाहेर काढायचंच तर मराठी-खेळातून नको.

प्लॅनमध्ये कोण शिकवणार, आठवड्याला किती तास, काय मोजणार आणि पुन्हा कधी बसणार, हे लिहिलेलं हवं. 'अधिक सहभाग' मोजणार कसा? आयबी शाळांना भाषा धोरण आणि समावेशन धोरण लेखी ठेवावंच लागतं. तुमची केंब्रिजची असली तरी असं काही लेखी आहे का ते मागा. नसेल तर तेही कळेल.

प्रतिसाद: वाघूर

मराठीचा तास काढून घेणं मला तरी पटत नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, केंब्रिज-आयबीसुद्धा त्यात आलं. ईमेलमध्ये याचा उल्लेख करा, भांडणाचा सूर न लावता.

आणि एक तपासून घ्या. 'इंटरनॅशनल' हा शब्द कुणीही नावात लावू शकतं, आपल्याकडे तशा नावाच्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या किंवा स्टेट बोर्डाच्या आहेत. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत शाळा शोधता येतात. तिथे नाव आहे का आणि लोअर सेकंडरीसोबत आयजीसीएसईचीही मान्यता आहे का, ते बघा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागून ठेवा, दाखल्याच्या वेळी लागतो.

प्रतिसाद: पांझराकाठ

वहिनी, आम्ही धुळ्याचे. मुलीला सातवीत दिवाळीनंतर परत आणलं. दाखला अडवायचा अधिकार शाळेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. फी बाकीचं कारण सांगतील, तुम्ही लेखी अर्ज करून पोच घ्या. कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग मिळतो, त्यामुळे वर्ष जात नाही.

पण घाईने काढू नका असंही सांगतो. आमच्या मुलीला आम्ही न विचारता काढलं, ते तिला अजून लागतं. तिला तिथलं वाचनालय आवडायचं. तुमच्या मुलाला काय हवंय ते विचारलंत का?

प्रतिसाद: तापीतीर

पुढचं विचारलेलं नाही तरी सांगून ठेवतो. आयजीसीएसईत इंग्रजी प्रथम भाषा आणि द्वितीय भाषा असे दोन वेगळे विषय आहेत, आपल्या मुलांनी द्वितीय भाषा घ्यायला काहीच हरकत नाही. भारतात मार्चमध्ये परीक्षा देता येते, निकाल मेमध्ये येतो, त्यामुळे दहावीनंतर इथल्या कॉलेजात अकरावीला येता येतं. विज्ञान शाखेला यायचं असेल तर नववीत विषय निवडतानाच गणित आणि विज्ञानाचे विषय धरून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला.

रविवारी त्याच्याकडून पेपरातली बातमी वाचून घेतली, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची. एकदाही न अडखळता वाचली. वर हे पाणी तापीतून पुढे कुठे जातं ते मलाच समजावलं. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, त्या माझ्याही होतात. जुन्या वह्याही चाळल्या, काही खटकलं नाही. तरी मराठीतून चाचणी घेणारं कुणी असेल तर करून घेणार आहोत, मनात शंका ठेवायची नाही.

पांझराकाठ दादा, तुमचा प्रश्न वाचून त्याच रात्री त्याला विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शाळा आवडते. प्रयोग आवडतात. पण मी बोललो की ते माझं 'वॉटर' परत परत म्हणतात." पुढच्या बाकावरची दोन मुलं. हे जुलैपासून चाललंय आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बुधवारी शाळेत गेलो. यावेळी मिस्टरांनीच सुरुवात केली, आणि मराठीत. म्हणाले, मॅडम, मला माझ्या भाषेत बोलू द्या, तुम्हाला कळतंय. काउन्सेलर मराठी छान बोलतात, मूळच्या नाशिकच्या निघाल्या. चिडवण्याची गोष्ट त्यांनी लगेच हातात घेतली, त्या मुलांशी आणि आमच्याशी वेगवेगळं बोलल्या. शब्दांची यादी दर शुक्रवारी पाठवायचं मान्य झालं, पहिली आलीसुद्धा. तेरा शब्द आहेत. फ्रिजवर लावलीय, समोरचे मराठी शब्द तोच लिहितोय. खेळाचे तास परत मिळाले.

मराठीच्या तासावर मात्र अडलंय. कोऑर्डिनेटर म्हणतात की सपोर्टच्या शिक्षिका त्याच वेळी मोकळ्या असतात, वेळापत्रक आता बदलणार नाही, दिवाळीनंतर बघू. सही मी अजून केलेली नाही. त्याच्या मराठीचा तास जाऊ द्यायचा नाही यावर आम्ही दोघं ठाम आहोत.

गिरणाकाठच्या ताई, किंवा ज्यांनी असं पत्र शाळेला दिलंय त्यांनी, मजकुराचा नमुना इथे टाकाल का? इंग्रजीत असला तरी चालेल. शुक्रवारच्या आत द्यायचंय.