‘पूल उघडला’ म्हणजे कोणासाठी?

शब्दवेडा
लंडनच्या टॉवर ब्रिजच्या माहितीपत्रकाचं भाषांतर अडलंय. एकाच पानावर ‘पूल १८९४ मध्ये उघडला’ आणि ‘जहाज आलं की पूल उघडतो’. पहिल्यात वाट खुली, दुसऱ्यात बंद! ‘उचलला’ म्हणावं तर क्रेनने नेल्यासारखं वाटतं.

काठपदर
‘वर घेतला’ लिहा. तिथे नदीचा मान रस्त्याच्या आधी. ३० फूट किंवा जास्त उंचीच्या जहाजाने २४ तास आधी कळवलं की फुकटात पूल वर घेतात. आधी लाल सिग्नल, मग फाटकं, मग पूल रिकामा झाल्याची खात्री, मध्यावरचे अडसर मागे, आणि शेवटी पाती, म्हणजे रस्त्याचे दोन हलते अर्धे भाग, वर. १९५२ च्या डिसेंबरात ७८ क्रमांकाची बस पुलावर असतानाच पातं उचलायला लागलं. चालकाने बस थेट पलीकडच्या पात्यावर उडवली.

मोडीलिपी
‘उचलपूल’ सुटसुटीत आहे की.

खिळेमोळे
पण ढोबळ. रामेश्वरमजवळचा पांबनचा नवा पूल खरा उचलपूल, त्याचा ७२.५ मीटरचा गाळा आडवाच्या आडवा वर जातो. तिथल्या १९१४ च्या जुन्या पुलाची पाती वळणदार बुडावर मागे लोटत उघडायची. टॉवर ब्रिजची पाती आसाभोवती फिरतात, शेपटाकडचा भार खाली खांबातल्या पोकळीत उतरतो. बैलगाडी मागे जड झाली की ‘उलाळ’ होते ना? तसा हा ‘उलाळपूल’.

काठपदर
चूक. मिटलेला पूल मुद्दाम किंचित टोकाकडे जड ठेवतात, म्हणजे पातं बैठकीवर घट्ट बसतं. तो उलाळ झाला तर अडसर काढताच आपोआप वर येईल. डांबराचा नवा थर चढवला तरी शेपटाकडचं वजन पुन्हा जुळवावं लागतं.

खिळेमोळे
तोल जुळवायचा म्हणून तर मोटरला फारसं ओझं पडत नाही. किंचित फरकाने नाव कसं बदलेल?

मोडीलिपी
‘उलाळ’ आज किती जणांना कळतो? कोशातून उकरलेला शब्द पाटीवर चालत नाही. त्यापेक्षा अशा पुलाचं रूढ नाव ‘बॅस्क्यूल’ बरं.

खिळेमोळे
म्हणजे फ्रेंच चालतं, बैलगाडी नको!

काठपदर
उन्हाळ्याचं कोणीच बोलत नाही. पोलाद तापून पसरलं की पात्यांमधली फट बुजते, पूल उघडत नाही किंवा उघडला तर मिटत नाही. ॲमस्टरडॅममध्ये पुलांवर पाणी मारतात ते यासाठीच. त्या अडकण्याला काय म्हणणार?

मोडीलिपी
‘फुगला’. पावसाळ्यात दार फुगतं तसा.

खिळेमोळे
दार ओलाव्याने फुगतं, पोलाद उष्णतेने पसरतं. ‘आवळला’ म्हणा.

शब्दवेडा
आणि माझं १८९४ चं वाक्य?