चारही बटणं एकाच चिन्हाला दाबायची का? घरात वाद पेटलाय

नमस्कार मंडळी. आमचं शहर मराठवाड्यातलंच, नाव सांगत नाही, गल्लीतले लोक वळखतील. १५ तारखेला महापालिकेचं मतदान हाय, आमच्या प्रभागात अ ब क ड अशा चार जागा. आमचे दादा (वडील) म्हणायलेत चिन्ह एकच बघायचं न् चारदा दाबून बाहेर यायचं, पॅनल फोडायचं नाही. आता मला अ आणि क वाले पटतात, ब वाल्या ताई माणूस म्हणून बऱ्या हायेत पण काम काय केलं ते कुणालाच ठाव नाही, आणि ड मधी जो उभा हाय त्याला मी शाळेपासून वळखतो म्हणून तर मत द्यावंसं वाटंना. कार्यकर्त्यानं पुठ्ठ्याची मशीन आणून दिलीय, दादा रोज जेवण झालं की त्याच्यावर प्रॅक्टिस करायलेत. तीन इकडं एक तिकडं दिलं तर मत बाद होतं का? आणि आवडत्या दोघांनाच देऊन बाकी सोडून दिलं तर चालंल का?

हमाल_मापाडी
बाद बिद काही होत नाही भाऊ. चार जागा म्हणजे चार वेगळ्या निवडणुका, अ चा उमेदवार अ वाल्यांशीच लढतो. तुमच्या दादांच्या डोक्यात सोसायटी न् बाजार समिती बसलीय. तिथं एकाच गटात सात जागा असल्या तर सातपर्यंत शिक्के मारता येतात, आठवा मारला की मत बाद. म्हणून तिथं आपला एकच माणूस काढायचा असला तर त्यालाच शिक्का मारून बाकी सहा मतं खिशात ठेवतात, कारण ती दिली तर आपल्याच माणसाच्या पुढं दुसरा जातो. ही ट्रिक महापालिकेत कामाची नाही, क ला मत नाही दिलं म्हणून अ वाला काही वर येत नाही.

बूथवर_बसलेला
दोनच दाबून निघू नका राव!! चारही जागांचं झाल्याशिवाय मशीन लांब बीप देत नाही आणि मत नोंदलं जात नाही. मागं एक आजी दोन बटणं दाबून पदर सावरत निघाल्या, साहेब ओरडायलेत आजी अजून दोन राह्यले, आजी म्हणतात मला तर दोघंच माहितीत. कुणीच नको असंल तर प्रत्येक जागेच्या शेवटी नोटा हाय, ते दाबा. रंग ध्यानात ठेवा, अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. आणि दादांना सांगा, चिन्ह प्रत्येक जागेला वेगळ्या नंबरला असू शकतं, वरून तिसरं असं पाठ केलं तर चौथं मत शेजाऱ्याला जाईल.

पुण्याला_गेलेला
माझी बहीण अमेरिकेत टेक्सासला असते, ती म्हणती तिथं पूर्वी एकच खूण केली की राष्ट्राध्यक्षापासून जजपर्यंत अख्ख्या पार्टीला मत जायचं. २०१७ ला कायदा करून ते बंद केलं, २०२० पासून एकेक नाव शोधून खूण करावी लागते. मिशिगनमधी मात्र लोकांनीच २०१८ ला मत देऊन ती सोय परत आणली. तिथली मतपत्रिका हातभर लांब असते म्हणून सोय लागत असंल, आपल्याला चार बटणं दाबायला कामून आळस यावा?

गल्ली_नं_२
दादांचं अगदीच चूक नाही बरं का. चार जण चार पार्टीचे आले की नाली तुंबल्यावर हा म्हणतो त्याला विचारा, तो म्हणतो निधी तिसऱ्यानं अडवला. आम्ही पाच वर्षं हेच केलं. पण पॅनलमधी एक दमदार न् तीन डबे जोडलेले असतात हेबी खरंय, इंजनाच्या नावावर डबे निवडून येतात आणि मग मीटिंगमधी तोंड उघडत नाहीत. मी तर सरळ हिशोब करतो, रात्री अकराला फोन उचलणारा कोण.

प्रश्न विचारणारा
देऊन आलो. तीन दादांच्या चिन्हाला, एक दुसरीकडं, कोणतं ते इथं सांगत नाही. दादा माझ्या आधी आत गेले होते, बीप लगेच वाजला नाही, बराच वेळ लागला. पुठ्ठ्याच्या मशीनवर तर झटकन दाबायचे. बाहेर आल्यावर मी विचारलं एवढा वेळ कामून लागला, तर म्हणले चष्मा घरी राह्यला. चष्मा डोळ्यावरच होता.