फिनिक्स: सेंट्रल/कॅमलबॅक स्टेशनजवळ राहून टेम्पीला रोज जाणं जमेल का?

पांढरी_छत्री

ऑगस्टपासून एएसयूच्या (अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) टेम्पी कॅम्पसला मास्टर्स आहे. पहिलं वर्ष गाडी घ्यायची नाही. रूममेटची नोकरी डाउनटाउनमध्ये आहे, म्हणून टेम्पीऐवजी अपटाउन फिनिक्समध्ये लाइट रेलच्या (रस्त्यातून धावणारी विजेची शहरी रेल्वे) सेंट्रल/कॅमलबॅक स्टेशनजवळ घर बघतोय. दोन जागा नक्की होत आल्या आहेत. पहिली कॅमलबॅक रोडवर, स्टेशनच्या पश्चिमेला साधारण ७०० मीटर. दुसरी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूला लागून, रूळ जिथे वळतात त्याच्या अगदी जवळ, आणि भाडं जरा कमी.

हे सांगाल का:
टेम्पीला थेट गाडी आहे ना? जुन्या ब्लॉगांवर तसं लिहिलंय.
तिकिटाचा स्वस्त प्रकार कोणता?
दुपारी चार-पाचच्या उन्हात फलाटावर उभं राहणं कितपत शक्य आहे? मी नागपूरची आहे, त्यामुळे "ऊन असतं" एवढंच सांगू नका.
विमानतळावरून दोन मोठ्या बॅगा घेऊन लाइट रेलने येता येईल का?

---

रूळबदल

जुने ब्लॉग विसरा. २७ डिसेंबर २००८ ला ही लाइट रेल सुरू झाली तेव्हापासून एकच लांब मार्ग होता आणि कॅमलबॅकहून बसलं की गाडी न बदलता टेम्पी यायचं. ७ जून २०२५ ला साउथ सेंट्रलचा फाटा उघडला आणि त्या मार्गाचे दोन झाले. बी लाइन उत्तर-दक्षिण धावते, मेट्रो पार्कवे ते बेसलाइन. ए लाइन डाउनटाउनहून पूर्वेला टेम्पी आणि मेसामार्गे गिल्बर्ट रोडपर्यंत. तुमचं स्टेशन बी वर, कॉलेज ए वर. म्हणजे डाउनटाउनमध्ये गाडी बदलणं आलंच.

बदलायची जागा म्हणजे एक मोठं जंक्शन नाही. एका चौकोनाच्या वेगवेगळ्या बाजूंना विखुरलेले फलाट आहेत, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे: डाउनटाउनमधले हे रस्ते एकेरी आहेत आणि गाडी रस्त्याच्या दिशेनेच जाते. दक्षिणेकडे फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू, उत्तरेकडे सेंट्रल, पूर्वेकडे जेफरसन, पश्चिमेकडे वॉशिंग्टन. तेव्हा जाताना फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर उतरून जेफरसनच्या फलाटावर पूर्वेकडची ए पकडायची. येताना वॉशिंग्टनवर उतरून सेंट्रलच्या फलाटावर उत्तरेकडची बी. सकाळी जिथे गाडी बदलली तिथेच संध्याकाळी जाऊन उभं राहिलात तर उलट्या दिशेची गाडी मिळेल.

कॅमलबॅक ते डाउनटाउन साधारण २० मिनिटं, पुढे टेम्पीपर्यंत अर्धा तास. मधली वाट आणि दोन्हीकडचं चालणं धरून दारापासून वर्गापर्यंत सव्वा तास धरा. टेम्पीत कॅम्पसला दोन स्टेशनं उपयोगी पडतात: व्हेटरन्स वे/कॉलेज हे उत्तरेला, स्टेडियमच्या बाजूला, युनिव्हर्सिटी/रूरल हे ईशान्य कोपऱ्यात. तुमचा विभाग कुठल्या इमारतीत आहे ते आधी नकाशावर बघा. कॅम्पस मोठा आहे, चुकीच्या स्टेशनावर उतरलात तर पंधरा मिनिटं उन्हात जातात.

आणखी एक पर्याय सहसा कुणी सांगत नाही. एएसयूच्या डाउनटाउन आणि टेम्पी कॅम्पसदरम्यान विद्यार्थ्यांसाठी फुकट शटल बस असते. बी लाइनने व्हॅन ब्युरन/फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूला उतरलात की डाउनटाउन कॅम्पस समोरच. तिथून शटल. गाडी बदलणं चुकत नाही, पण मधले थांबे वाचतात. सकाळी हे बरं पडतं. संध्याकाळी फ्रीवे तुंबला की रूळच बरे. सुट्ट्यांत शटलचं वेळापत्रक बदलतं, ते तपासून घ्या.

थोडक्यात, ही जागा तुमच्या रूममेटसाठी उत्तम आणि तुमच्यासाठी बरी आहे. भाडं ठरवताना हे तिच्याशी बोला.

---

सातवी_गल्ली

पहिल्या जागेबद्दल. स्टेशनच्या पश्चिमेला ७०० मीटर म्हणताय, तर तुमचं स्टेशन सेंट्रल/कॅमलबॅक नव्हेच! सेंट्रलपासून सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू बरोबर अर्ध्या मैलावर, म्हणजे ८०० मीटरवर आहे आणि त्या चौकात सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू/कॅमलबॅक हे वेगळं स्टेशन आहे. घरापासून शंभरेक मीटर. बी लाइन तीच, डाउनटाउनकडे जाताना एक स्टेशन आधी. दलाल जाहिरातीत सेंट्रल/कॅमलबॅक लिहितात कारण ते नाव ऐकायला बरं वाटतं आणि अपटाउन प्लाझा तिथे आहे.

पत्ता वाचताना मात्र जपा. सेंट्रलच्या पश्चिमेला अ‍ॅव्हेन्यू, पूर्वेला स्ट्रीट. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि सेव्हन्थ स्ट्रीट यांच्यात एक मैलाचं अंतर आहे आणि सेव्हन्थ स्ट्रीटला या मार्गाचं स्टेशन नाही. करारावर सही करण्यापूर्वी ते एक अक्षर बघा. या दोन्ही रस्त्यांची मधली लेन गर्दीच्या वेळी दिशा बदलते, त्यामुळे सिग्नल सोडून कुठेही ओलांडू नका.

बसचे नंबरही याच जाळीवर बेतलेत. कॅमलबॅक रोडला घरांच्या पत्त्यांचे आकडे ५००० वर येतात, म्हणून तिथली बस ५०. सेंट्रल हा शून्य, म्हणून सेंट्रलवरची बस ०. इंडियन स्कूल रोडवर ४१, थॉमसवर २९. एकदा हे कळलं की नकाशाशिवाय चालतं.

---

माध्यान्ह

उन्हाचं मी सांगतो. नागपूरकरांना ४५ चं काय कौतुक, हे मान्य. फरक मुदतीचा आहे. विदर्भात जूनच्या मध्यावर पाऊस येऊन सुटका करतो. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर होतं. २०२४ मध्ये १०० फॅरनहाइट किंवा त्याहून वरचे सलग ११३ दिवस झाले. तुमचं सत्र सुरू होतं ते ऐन उन्हाळ्यात, आणि सप्टेंबर संपेपर्यंत उतार नाही. लाटेत रात्रीही पारा ३२ च्या खाली जात नाही, त्यामुळे "संध्याकाळी सातला निघू" यानेही फार फरक पडत नाही.

आता फलाट. छत आहे म्हणजे सावली आहे असं नाही, आणि इथेच लोक फसतात. फिनिक्समध्ये जूनमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८० अंशांवर असतो, तेव्हा छताची सावली छताखालीच पडते. चार वाजता तो बरोबर पश्चिमेला आणि ४३ अंशांवर येतो. छत ३ मीटर उंच धरलं तर त्याची सावली ३ मीटरहून जास्त पूर्वेला सरकलेली असते. साडेपाचला सूर्य २५ अंशांवर, सावली साडेसहा मीटर पूर्वेला, म्हणजे फलाट सोडून रुळांवर किंवा रस्त्यावर. ऑगस्टअखेर सूर्य त्या वेळी आणखी खाली असतो. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या स्टेशनांचे फलाट उत्तर-दक्षिण लांब आणि रुंदीला कमी, म्हणून चारनंतर छत निरुपयोगी. कामाला येतात त्या उभ्या गोष्टी: जाळीचे पडदे, फलक, तिकीट मशीन, खांब. त्यांच्या पूर्वेला उभं राहायचं. लोक एका ओळीत एकामागे एक उभे दिसले तर रांग समजू नका, ते खांबाच्या सावलीत असतात.

कॅमलबॅक रोडवर उलटं आहे. तो पूर्व-पश्चिम. संध्याकाळी सेंट्रलहून पश्चिमेला चालत घरी निघालात तर ऊन थेट तोंडावर आणि दोन्ही फुटपाथांना सावली नाही. म्हणून पहिली जागा घेतलीत तर सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूला उतरा, सूर्य पाठीशी राहील आणि चालणं मिनिटाचं.

डांबर दुपारी ७० सेल्सिअसपर्यंत जातं. घालायला जाड तळव्याचे बंद बूट, रबरी चप्पल नको. पडलात तर हात टेकून लगेच उठा. रस्त्यावर पडून भाजलेले रुग्ण दर उन्हाळ्यात इथल्या बर्न सेंटरला येतात. लोखंडी बाकावर बसण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चटका बघा. पाणी एका वेळी एक लिटर जवळ असू द्या. मशीनचा टच स्क्रीन उन्हात वाचता येत नाही आणि फोन तापून बंद पडतो, तेव्हा तिकीट फक्त अ‍ॅपवर ठेवू नका.

---

पांढरी_छत्री

सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. तिकिटाचं आणि बॅगांचं कुणी सांगेल का? उन्हाने रूळ वाकून गाड्या रद्द होतात का, हेही.

---

सुट्टे_पैसे

एक फेरी २ डॉलर, दिवसाची कमाल मर्यादा ४, सात दिवसांची २०, महिन्याची ६४. कॉपर कार्ड (इथलं पैसे भरून वापरायचं तिकीट-कार्ड) घ्या. त्यावर ही मर्यादा आपोआप लागते, पास आधी विकत घ्यावा लागत नाही. हिशोब करा: जाऊन-येऊन रोज ४ डॉलर, म्हणजे ६४ व्हायला महिन्यात १६ दिवस जावं लागेल. आठवड्यात तीनच दिवस वर्ग असेल तर ५० च्या आसपास. विद्यापीठाचा यू-पास (विद्यार्थ्यांचा प्रवासी पास) घेण्यापूर्वी त्याची किंमत या आकड्याशी ताडून पाहा. वर्गाचं वेळापत्रक हातात येईपर्यंत घेऊ नका.

स्टेशनला फाटक नाही, कुणी अडवत नाही, म्हणून नवे लोक कार्ड न लावता चढतात. कार्ड गाडीत शिरण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्राला लावायचं असतं. गाडीत यंत्र शोधत बसाल तोवर तपासनीस येतो, आणि शिल्लक आहे हे दाखवून दंड टळत नाही. अ‍ॅप वापरलंत तरी कोड त्या यंत्रासमोर धरावाच लागतो.

दरवाजाचं बटण दाबा. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं आपण होऊन उघडतीलच असं नाही. फलाट तीन डब्यांच्या गाडीसाठी बांधलेत, पण गाडी बहुधा त्याहून लहान असते. टोकाला उभं राहिलात तर बॅग ओढत पळावं लागेल. मधोमध थांबा.

विमानतळ: टर्मिनलवरून स्काय ट्रेन घ्या, ती फुकट आहे आणि चोवीस तास चालते. ४४ स्ट्रीट/वॉशिंग्टनला उतरून पुलावरून लाइट रेलच्या फलाटावर, लिफ्ट आहे. तिथून पश्चिमेकडची ए, डाउनटाउनला बदलून उत्तरेकडची बी. डबे खालच्या फरशीचे आहेत, फलाटाच्या पातळीत, बॅग उचलावी लागत नाही. अडचण मधल्या बदलीची: दोन बॅगा घेऊन सिग्नल ओलांडत दुसऱ्या फलाटावर जायचं. भारतातून येणारं विमान एखाद्या शहरात बदलून बहुधा उशिरा पोचतं आणि लाइट रेल रात्रभर चालत नाही. दहानंतर उतरत असाल तर सरळ टॅक्सी करा. बिनचालकाची वेमोसुद्धा विमानतळावर मिळते, मात्र आधी अ‍ॅप सुरू करून घ्यावं लागतं.

---

रूळबदल

रुळांचं. पोलादाची लांबी दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. हिवाळ्यातल्या पहाटे रूळ ५ अंशांवर आणि उन्हाळी दुपारी ६५ वर धरला तर किलोमीटरमागे जवळपास ७० सेंटिमीटर वाढायला हवा. तो वाढू देत नाहीत. लांब जोडलेले रूळ मधल्या तापमानाला ताणून बसवतात आणि इथे रस्त्यातून जाणारे रूळ काँक्रीटमध्ये गाडलेले आहेत, ते बाजूला सरकायला जागाच नाही. वाकण्याची भीती खडीवरच्या रुळांना जास्त. उन्हाने त्रास होतो तो डब्यांवरच्या एसीला आणि सिग्नलच्या कपाटांतल्या इलेक्ट्रॉनिक्सला. गाडी ७५० व्होल्ट डीसीवर चालते आणि उन्हाळ्यात त्यातला मोठा वाटा एसी खातो. जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी धुळीचं वादळ आणि त्यामागून पाऊस येतो, तेव्हा फांद्या तारेवर पडणं आणि चौकातले सिग्नल जाणं हे उशिराचं खरं कारण असतं.

आता तुमची दुसरी, स्वस्त जागा. सेंट्रल/कॅमलबॅकला मार्ग काटकोनात वळतो. अशा अरुंद वळणावर डब्याखालची चाकांची जोडी एका आसावर घट्ट बसवलेली असल्याने बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असूनही तेवढंच फिरावं लागतं. शिवाय आस वळणाच्या दिशेने पूर्ण वळत नाही. चाक रुळाच्या माथ्यावर आडवं घसरतं आणि किंचाळी ऐकू येते. दमट हवेत रुळावरचा ओलसर थर घर्षण कमी करतो, इथल्या कोरड्या हवेत तेही नाही. वंगण लावतात, तरी आवाज पूर्ण जात नाही. वर चौकातली घंटा. भाडं कमी का, ते यावरून कळेल. घर दिवसा बघू नका. पहाटे पाच-साडेपाचला, रस्ता शांत असताना, झोपायच्या खोलीची खिडकी बंद करून दोन्ही दिशांची एकेक गाडी जाऊ द्या. खिडकी दुहेरी काचेची असेल आणि खोली मागच्या बाजूला असेल तर घ्या, नाहीतर पहिली जागा.

आणि चौकात चालताना: रस्त्याच्या मधोमध रूळ असतात तिथे डावीकडे वळणाऱ्या मोटारी लाल बाण तोडतात, लाइट रेलचे बहुतेक अपघात त्यातूनच होतात. पादचारी सिग्नलवर चालणाऱ्या माणसाची पांढरी आकृती दिसली तरी आधी डावीकडे वळणाऱ्या लेनकडे बघा. फलाटावर पोचलेली गाडी चुकेल म्हणून रुळांवरून पळू नका. दुसऱ्या दिशेची गाडी तिच्या आडून येते आणि विजेवर चालत असल्याने ऐकूच येत नाही.

---

माध्यान्ह

@रूळबदल, पहाटेच्या आवाजाबरोबर दुपारी चारला दिवाणखान्याची पश्चिम भिंतही हाताने बघायला सांगा त्यांना. पश्चिमेला मोठी काच असेल तर उन्हाळ्यातलं विजेचं बिल भाड्यातली बचत खाऊन टाकेल. घरमालकाकडे गेल्या जुलै-ऑगस्टची बिलं मागा. वीज कंपनीच्या दरपत्रकात संध्याकाळच्या गर्दीच्या तासांचा दर वेगळा आहे का, हेही विचारा.