कॉमिक्सवाल्यांची युनियन: मालकच नाही, तर मोर्चा न्यायचा कुणाच्या दारात?

बोरू
पुण्यात फ्रीलान्स कॉमिक्स करणाऱ्यांची, म्हणजे पटकथा, पेन्सिल, शाई, रंग आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं करणाऱ्या सगळ्यांची युनियन हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. एक मालक नाही म्हणून बांधणी होत नाही, हे निदान या गावात तरी कुणी सांगू नये. बाबा आढावांची हमाल पंचायत इथलीच. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं आली, आणि मजुरी व वरची लेव्ही (हमालांच्या सोयी-सवलतींसाठीची रक्कम) व्यापाऱ्याने मंडळात भरायची अशी सोय झाली. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, तिथे तर मालक नावालाही नाही. मग पानामागे पैसे घेणाऱ्यानेच ‘आम्ही कलाकार’ म्हणत बाजूला का बसायचं?

पेठकर
उपमा लंगडी आहे. पोतं गुलटेकडीच्या मार्केट यार्डातच उतरवावं लागतं, फाटकावर चार माणसं उभी राहिली की काम थांबतं. चोवीस पानांच्या कॉमिकला फाटकच नाही. इथल्याने नाही म्हटलं की तीच पटकथा संध्याकाळी कोलकात्याला जाते. आता तर एआयकडेही.

शिवाय मालक कोण, हे आधी ठरवा. स्वतःच छापणाऱ्यांत लेखकच खिशातून चित्रकाराचे पैसे देतो. दोघेही सभासद! पैसे थकले की युनियन कुणाची बाजू घेणार? पेन्सिलवाल्याने दहा दिवस उशीर केला तर तो भरून काढतो शेवटी बसलेला अक्षरवाला. त्याचं भांडण प्रकाशकाशी कमी, सभासदाशीच जास्त.

अमेरिकेत १९७८ ला नवा कॉपीराइट कायदा लागू झाला आणि प्रकाशकांनी ‘वर्क फॉर हायर’चे, म्हणजे कामाची मालकी प्रकाशकाची ठरवणारे कागद सहीला पुढे केले. चित्रकार नील अॅडम्सनी तेव्हा गिल्ड, म्हणजे कलाकारांची संघटना काढायचा प्रयत्न केला. टिकलं नाही, कारण काम हवं असणाऱ्यांनी सह्या केल्या. २०२१ मध्ये इमेज कॉमिक्स या तिथल्या प्रकाशनात युनियन झाली, पण ती ऑफिसातल्या पगारी लोकांची. पानं काढणारे तिच्यात नाहीत.

बोरू
फाटक नाही म्हणता? फ्रान्समधला आंगुलेमचा २०२६ चा कॉमिक्स महोत्सव लेखक-चित्रकारांच्या बहिष्कारामुळे रद्द करावा लागला. त्यांना कोणता पगार होता?

पेठकर
महोत्सवाला नावं लागतात, म्हणून नावांनी तो अडवला. रंगाचे फ्लॅट्स (खालचे सपाट रंग) भरणाऱ्याने बहिष्कार टाकला तर कळणार कुणाला?

कलम_एकोणीस
नोंदणी हा अडथळा नाहीच. सात जणांनी अर्ज करायचा. औद्योगिक संबंध संहितेत (२०२० ची, लागू नोव्हेंबर २०२५ पासून) युनियनच्या प्रकरणापुरता स्वयंरोजगार करणारा असंघटित कामगारही धरला आहे. मात्र त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी ते सभासद लागतात, आणि पुण्यात कॉमिक्सचा ‘उद्योग’ किती डोक्यांचा याची यादी करायची कुणी?

खरी गोची पुढे आहे. एकाहून जास्त युनियन असतील तिथे एकीनेच वाटाघाटी करायचा हक्क मिळतो तो आस्थापनेच्या हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार मागे असतील तर. फ्रीलान्सर हजेरीपटावर नसतोच. म्हणजे प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, पण प्रकाशकाला समोर बसायची सक्ती नाही. माथाडीची वाटही बंद, कारण तो कायदा परिशिष्टात नोंदलेल्या अंगमेहनतीच्या कामांपुरता आहे.

आणि ‘पानामागे इतक्याच्या खाली कुणी काम घ्यायचं नाही’ असं दरपत्रक काढायची घाई नको. आपण कायद्याने कामगार नसून सुटे व्यावसायिक ठरलो, तर सगळ्यांनी मिळून भाव बांधणं स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकतं. बंगालमधल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या समितीने डब केलेल्या मालिकेचं प्रक्षेपण अडवलं, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा आयोगाचाच अधिकार मान्य केला. ‘आम्ही युनियन आहोत’ एवढी ढाल पुरली नाही.

उधारी_बंद
दराचं राहू द्या, आधी थकबाकीचं बघा. दिवाळी अंकाची पानं ऑगस्टमध्ये द्यायची आणि पैसे ‘अंक निघाल्यावर’. अंक रखडला की पैसेही रखडले.

यावर युनियनशिवायचा उपाय: उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. फुकट आणि ऑनलाइन. पण ती काम घेण्याआधी करा. काम झाल्यावर केली की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. बिलावर उद्यम क्रमांक घाला. लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार लघुउद्योगांची थकबाकी बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे. निकालाला आव्हान द्यायचं तर प्रकाशकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वर त्याला तो खर्चही पैसे चुकते करेपर्यंत आयकरात वजा मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीएच तुमची वसुली करतो.

बोरू
हे एकेकट्याने करायचं? तक्रार केली की पुढच्या वर्षी फोन येत नाही. पत्र संघटनेच्या नावाने गेलं तर निशाण्यावर एक माणूस राहत नाही. युनियन म्हणा, सहकारी संस्था म्हणा, पाटी कोणतीही चालेल.

कलम_एकोणीस
पाटी बदलायला तयार असाल तर भांडण मिटलं. दर बांधू नका, कराराचा नमुना बांधा. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा: पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, देणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून ‘मालकी चित्रकाराची’ हे वाक्य आधी हवं. मग कलम १९ कामाला येतं. हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेले हक्क परत येतात. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी एक ओळ घालून प्रकाशक यातली मुदतीची सोय पुसून टाकतो.

फुगेवाला
नमुन्यात टप्पे घाला. सहीला ३० टक्के, पेन्सिल मंजूर झाल्यावर ३० टक्के, उरलेले अंतिम फाइल देताना. काम मध्येच थांबलं तर झालेल्या टप्प्याचे पूर्ण पैसे. थर सुटे असलेली फोटोशॉपची पीएसडी फाइल हवी असेल तर तिचे वेगळे पैसे, नाहीतर थर एकत्र केलेली छपाईची फ्लॅट फाइल.

पण ‘दुरुस्तीच्या दोन फेऱ्या’ एवढंच लिहू नका. फेरी म्हणजे सगळ्या सूचना एका यादीत, एकदाच. नाहीतर संपादक रोज एक चौकट पाठवतो आणि त्याच्या लेखी ती पहिलीच फेरी चालू असते. शाई झाल्यावर संवाद बदलला तर ती दुरुस्ती नव्हे, नवं काम. मराठीत एक ओळ वाढली की फुगा वाढतो, फुगा वाढला की चेहरा झाकतो, आणि चित्रकाराला चौकट पुन्हा काढावी लागते. श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरं नीट करायची कुणी, तेही लिहा. ते काम दर वेळी आमच्या गळ्यात येतं आणि बिलात कुठेच दिसत नाही.

पेठकर
या कागदावर सही करेन. युनियनच्या पावतीवर अजून नाही. आणि लेखक-सभासदाने चित्रकार-सभासदाचे पैसे थकवले तर काय, ते कलम कुठे आहे?